गावचा पाहुणा आणि सरकारचा कर

कोकणच्या किनाऱ्यावर किंवा गोव्याच्या सत्तरी, सांगे या भागांत घरातील दोन-तीन खोल्या प्रवाशांसाठी राखणारी कुटुंबे आता पुष्कळ झाली आहेत. स्वयंपाक घरचाच, आणि मिळालेला पैसाही गावातच फिरतो. मासळी गावच्या कोळणीकडून येते, नारळ शेजारच्या कुळागरातून. पावसाळ्याचे तीन-चार महिने किनाऱ्यावरची वर्दळ ओसरते, परंतु घराची डागडुजी आणि कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने चालूच राहतात. असल्या व्यवसायाला करपद्धती कशी वागविते, हा आजचा विचाराचा विषय.

वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून सुरू झाला. आरंभी हजार रुपयांखालील खोलीला करमाफी होती. 2019 च्या सप्टेंबरात गोव्यातच भरलेल्या कर परिषदेच्या बैठकीने सर्वांत महागड्या खोल्यांवरील कर 28 टक्क्यांवरून 18 वर आणला. पुढे 18 जुलै 2022 पासून हजाराखालील खोलीची माफी मात्र गेली आणि तेथे 12 टक्के कर बसला. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के दर झाला, हे स्वागतार्हच होय. तथापि त्याबरोबर खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट बंद झाली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीच करावी लागत नाही. मग तक्रार कसली? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. शहरातला प्रवासी आज हातातल्या फोनवरून, आरक्षण कंपनीमार्फत खोली ठरवितो. अशा आरक्षणावर, घरमालक नोंदणीकृत नसला तरी, कर भरण्याची जबाबदारी कायद्याने त्या कंपनीवर टाकली आहे. परिणामी तीच हजार रुपयांची खोली ओळखीच्या पाहुण्याला हजारात पडते, आणि कंपनीमार्फत येणाऱ्याला एक हजार पन्नास रुपयांत. शिवाय कंपनीची दलाली निराळी. कायद्याने लहान माणसासाठी जो उंबरठा बांधला, तो अनोळखी पाहुणा येण्याच्या मुख्य वाटेवर नाहीसा होतो!

येथे आणखी एक विसंगती दिसते. 1 एप्रिल 2019 पासून वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी ही मर्यादा बहुतेक राज्यांत चाळीस लाखांवर गेली. सेवा देणाऱ्यासाठी ती वीस लाखांवरच राहिली. नारळ विकणारा आणि त्याच नारळाची सोलकढी करून वाढणारा, यांत एवढे अंतर कशासाठी?

सरकारला महसूल हवा, यात वाद नाही. सवलत दिली तर मोठे हॉटेलवाले आपला धंदा नावापुरता वाटून घेतील, ही भीतीही निराधार म्हणता येणार नाही. तिच्यावर उपाय आहे. मालक स्वतः त्याच घरात राहतो आणि खोल्या ठराविक संख्येच्या आत आहेत, एवढी अट घालावी. तिची पडताळणी ग्रामपंचायतीच्या दाखल्याने होऊ शकते. ही अट पुरी करणाऱ्यांना कंपनीमार्फत आलेल्या पाहुण्यावरही वीस लाखांची मर्यादा लागू करावी.

पर्यटनाचा मोठा पैसा शहरांकडे आणि गजबजलेल्या किनाऱ्यांकडे आपोआप जातो. गावाकडे त्याचा जो लहानसा ओहोळ वळला आहे, तो वाटेतच आटू नये, एवढीच अपेक्षा.