भाव उलटा चालत येतो
(वणी येथे केलेले भाषण)



मी कवी म्हणून उभा नाही. न्हावाशेवाजवळच्या यार्डात कंटेनर भरतो. मॅट्रिक झालो आणि पाठीवर गोणी आली. गोणीवर 'नाशिक' वाचलं की आई आठवते. तिनं हयातभर दुसऱ्याच्या वावरात कांद्याची पात कापली.

निर्यातीच्या कांद्याचा भाव ठरतो कुठं? लासलगावला? पिंपळगावला? इथं वणीत? लिलावात बोली ऐकू येते, पण आकडा तिथं जन्मत नाही. दुबईचं, कोलंबोचं गिऱ्हाईक डॉलरात दर देतं. निर्यातदार त्यातून जहाजाचं भाडं, सरकारचं शुल्क असेल तर ते, ट्रक, गोणी आणि स्वतःचा नफा वजा करतो. उरेल ती बोली. म्हंजे भाव वावरातून बंदरावर जात नाही, बंदरावरून उलटा वावरात येतो. येता येता झिजतो. शेवटी उभी असते माझी आई.

आपलंच असं नाही. घानात कोको पिकतो. त्याचा भाव लंडन-न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात हलतो. घानाचं सरकारी मंडळ शेतकऱ्याचा दर जाहीर करतं. तोडणाऱ्या मजुराला कोण विचारतो?

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर आणि शुल्क ४० टक्केच. १ एप्रिल २०२५ ला शुल्क संपलं. शहरात कांदा स्वस्त हवा, कबूल. झोपडपट्टीत भाकरीवर कांदा फोडणारे आपलेच लोक आहेत. पण ही स्वस्ताई भरायची कुणी? बागाईतदार रस्ता अडवतो, त्याचा फोटो छापून येतो. ज्या बाईचा रोज बुडाला तिला अडवायला रस्ता पण नाही.

आणि तेजी आली तर? रुपया पडला की निर्यातदाराच्या हातात जास्त रुपये पडतात. आमचा मुकादम मात्र गोणीमागचा दर तोच ठेवतो. बाबासाहेबांनी १९२३ सालीच रुपयाच्या प्रश्नावरच्या ग्रंथात हे मांडलंय : चलन घसरलं की महागाई आधी चढते, मजुरी मागं राहते, व्यापाऱ्याचा तो नफा मजुराच्या पोटातून येतो. येवल्याची घोषणा आपण दरवर्षी आठवतो. त्यांचं हे अर्थशास्त्र कोण वाचतो?

१९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालासाठी मंडळं आली. त्याची मजुरी वहीत चढली. पात कापणाऱ्या बाईसाठी, सुरगाणा-पेठहून इथल्या द्राक्षबागांत येणाऱ्या आदिवासीसाठी असं मंडळ नाही. उरलंसुरलं ते त्यांचं.

आपली मागणी एकच. हिशेब उलटा करा. आधी मजुरी मांडा, मग भाडं, मग नफा. आजपासून लिलावात उभं राहून मोठ्यानं विचारा : या बोलीत बाईचा रोज किती?

गोणीचं वजन मला पाठ आहे. त्यातलं आईचं किती, तेवढं मला कुणीतरी सांगा.

जयभीम.