आधी तार, मग झाड



वादळ येताना काय करावे, हे आपल्याला पुष्कळ जण सांगतात. वादळ गेल्यावर काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज आपण त्याविषयीच बोलू.

३ जून २०२० हा दिवस तुमच्या ध्यानात असेल. तेव्हा करोनाची साथ चालू होती. त्यातच अरबी समुद्रात एक चक्रीवादळ उठले. त्याचे नाव 'निसर्ग'. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. समुद्र कुठे आणि लोणावळा कुठे! पण वादळ काही घाटाखाली थांबले नाही. ते सह्याद्री चढून आपल्या मावळात शिरले. घरांचे पत्रे उडाले. फुलशेतीची पॉलीहाऊस मोडली. विजेचे खांब वाकले आणि झाडे आडवी झाली.

त्या दिवशी अलिबागकडे एका माणसाच्या अंगावर विजेचा खांब कोसळला. बिचारा जागीच गेला. वारा असताना खांब पडून माणूस मरतो. आणि वारा थांबल्यावर? तेव्हा खाली पडलेल्या तारेने मरतो. म्हणून वारा थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

झाड पडले की आपल्याकडे काय होतं? चार जण कोयते-कुऱ्हाडी घेऊन धावतात. वाट मोकळी करावी, हा हेतू चांगलाच. पण अशा घाईत जीव जातो. पडलेले झाड उचलण्याला एक क्रम आहे. आधी तार, मग रस्ता, मग लाकूड.

पहिली गोष्ट तारेची. तुटलेली तार पाल्यात लपलेली असते. ओल्या फांदीतून आणि ओल्या जमिनीतूनही वीज वाहते. म्हणून आधी लांबूनच झाडाभोवती फिरून पाहावे. तार दिसली की तीस पावले दूर राहावे. पोरांना आणि गुरांना तिकडे जाऊ देऊ नये. कोणी म्हणेल, "घरात दिवे नाहीत, म्हणजे तारेत वीज नाही." त्याचे ऐकू नका. कोणाच्या जनरेटरची वीज उलटी तारेत येते. कधी गेलेली लाईन एकदम चालू होते. महावितरणला १९१२ या नंबरावर फोन करा. वायरमन येऊन लाईन बंद असल्याचे सांगेपर्यंत कुऱ्हाड खाली ठेवा. कोणाला शॉक लागला तर त्याला हाताने ओढू नका. नाहीतर एकाचे दोन होतील.

दुसरी गोष्ट रस्त्याची. झाड मोठे असेल तर शहरात नगरपरिषदेला आणि गावात ग्रामपंचायतीला कळवावे. आपण हात लावायचाच झाला, तर सगळे झाड एकदम तोडायला जाऊ नये. आजाऱ्याची गाडी जाईल एवढी वाट आधी करावी. लहान फांद्या प्रथम तोडाव्यात, खोड शेवटी. दबून वाकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. घाव बसला की ती उसळून छातीवर येते. मुळासकट उपटलेले झाड तर त्याहून फसवे. खोड कापताच मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात एखादे पोर उभे असले तर? म्हणून एकाने तोडावे, एकाने नुसते लक्ष ठेवावे आणि बाकीच्यांनी लांब थांबावे.

झाड घरावर पडले असेल, तर आधी माणसे बाहेर काढा. मग मोबाईलवर नुकसानीचे फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. भरपाईसाठी पंचनामा लागतो. सगळे आवरून टाकल्यावर तलाठ्याला दाखवणार काय?

तिसरी गोष्ट लाकडाची. सरकारी रस्त्याकडेचे झाड पडले, म्हणून ते आपले होत नाही. विचारल्याशिवाय लाकूड नेऊ नये. पाला जाळू नये, खतखड्ड्यात टाकावा. ओढ्यात किंवा नाल्यात तर मुळीच लोटू नये. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत येतो. नाल्यात फांद्या अडकल्या, की तेच पाणी आपल्या घरात शिरते.

लहान झाड कललेले असेल आणि मुळे शाबूत असतील, तर ते तोडू नका. मुळांवर ओले गोणपाट टाका. थोड्या फांद्या छाटा, झाड उभे करा, माती दाबा आणि टेकू द्या. पुष्कळदा ते जगते.

झाडे पडतात, त्यात थोडा आपलाही हात असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत दोन हजारांहून जास्त झाडे पडली. वारा जबर होताच. पण जिथे बुंध्याभोवती सिमेंट ओततात, गटारासाठी मुळे तोडतात, तिथे झाड जमीन धरून कसं राहील? बुंध्याभोवती माती मोकळी ठेवावी.

तेव्हा मंडळी, पाऊस लागण्यापूर्वी एका संध्याकाळी चावडीवर जमा. तारेला टेकलेली झाडे कोणती, ते पाहा आणि महावितरणला कळवा. वाळलेल्या फांद्या परवानगी घेऊन उतरवा. दोरखंड आणि करवत कोणाच्या घरी आहे, फोन कोणी करायचा, पोरांना कोणी आवरायचे, हे ठरवून ठेवा. १९१२ हा नंबर चावडीच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा. आता आपल्याला लिहिता येते, वाचता येते. त्याचा उपयोग अशा कामी करू या.