गोदामासाठी गन घेताना

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेत लोक संतसाहित्य ऐकायला येतात, शिवकाल ऐकायला येतात. बारकोड स्कॅनर, म्हणजे गोदामातली ‘गन’, कसा निवडावा हे ऐकायला इतकी मंडळी जमतील असं संयोजकांनाही वाटलं नसावं, कारण चहा कमी सांगितलाय असं आत्ताच कानावर आलं. असो. समोर भिवंडीकडचे गोदामवाले दिसतात, औषधांचे घाऊक व्यापारी आहेत, कारखान्यांत स्टोअर सांभाळणारेही आहेत. म्हणजे मालाची आवक-जावक हा ज्यांच्या पोटापाण्याचा विषय आहे, अशांपुढे मी बोलतोय. तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: गनचं माहितीपत्रक सगळ्यात शेवटी वाचा. आधी लेबल बघा, मग अंतर मोजा, मग ती गन कुणाच्या हातात जाणार ते बघा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. विक्रेता मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात येतो, टेबलावर गन ठेवतो, बिस्किटाच्या पुड्यावर टुक करून दाखवतो, साहेब खूश होतात आणि चाळीस गनांची ऑर्डर जाते. गोदामात माल लावणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं.

ही खरेदी अलीकडे एवढी वाढली, त्याला कारण आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी केंद्रीय विक्रीकर वाचावा म्हणून कंपन्या राज्याराज्यांत छोटी-छोटी गोदामं ठेवत. ती गरज संपली आणि माल मोठ्या गोदामांत एकवटू लागला. भिवंडीजवळच्या माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात आज जी लांबलचक शेड दिसतात, त्यांतली कित्येक या बदलानंतर भरली. दोनशे वस्तूंचा हिशेब कारकून डोक्यात ठेवू शकत होता. वीस हजार वस्तू, प्रत्येकीचा बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, हे कुणाच्या डोक्यात राहणार? तिथे बारकोड लागतोच.

बारकोडचा जन्म थोडक्यात सांगतो. नॉर्मन वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांना १९५२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पण दुकानात पहिली वस्तू स्कॅन व्हायला १९७४ चा जून उजाडला. ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट गल्ल्यावरून गेलं, ती पहिली विक्री. मधली वीसेक वर्षं स्वस्त लेझर आणि स्वस्त संगणकाची वाट बघण्यात गेली. क्यूआर कोडची गोष्ट मात्र आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. तो १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने तयार केला, आणि तो भाजीवाल्याला पैसे देण्यासाठी नव्हता. मोटारीच्या सुट्या भागांच्या एकेका खोक्यावर अनेक बारकोड असत, ते एकामागून एक वाचून कामगार वैतागत. त्या वैतागातून तो आला. गन निवडताना ही गोष्ट लक्षात असू द्या. हे तंत्र मुळात हातांचे कष्ट वाचवायला जन्मलंय.

आता लेबल. ‘गन वाचत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी गनकडे बघतच नाही, लेबल मागतो. थर्मल छपाई दोन प्रकारची असते. एकीत कागदच उष्णतेने काळा होतो, शाई नाही, रिबन नाही. ही स्वस्त पडते. पण एटीएमची पावती पाकिटात राहून जशी कोरी होते, तसंच हे लेबल पत्र्याच्या शेडखाली उन्हाळ्यात फिकं पडत जातं. माल दोन दिवसांत निघून जाणार असेल तर चालेल. सहा महिने पडून राहणार असेल तर रिबनवाली छपाई घ्या, खर्च थोडा वाढतो. दुसरी गोष्ट, बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते. खोक्याचं डिझाइन करणारा कलाकार ती जागा ‘वाया’ गेलेली बघून तिथे कंपनीचं बोधचिन्ह बसवतो, आणि मग लाखाची गनही मुकी होते. तिसरी गोष्ट पॅलेटवर गुंडाळलेल्या प्लॅस्टिकची. गन अगदी सरळ, काटकोनात धरली की प्लॅस्टिकवरून प्रकाश थेट परत येतो आणि तिला पांढरा डाग दिसतो. मनगट जरासं, दहा-पंधरा अंश, तिरकं करा, लगेच वाचते. हे पिकरला, म्हणजे माल काढणाऱ्याला, पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. तो बिचारा प्लॅस्टिक फाडत बसतो.

लेझर की इमेजर, हा प्रश्न हमखास येतो. लेझर गनमध्ये हलणारा आरसा लाल रेषा फिरवतो आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून काळं-पांढरं ओळखतो. तिला उभ्या रेघांचा बारकोडच कळतो. इमेजर म्हणजे छोटा कॅमेरा. तो चित्र घेतो, त्यामुळे क्यूआर वाचतो, मोबाइलच्या पडद्यावरचा कोड वाचतो, थोडंफार फाटलेलंही वाचतो. क्यूआरमध्ये तर दुरुस्तीची सोय आतच भरलेली असते. सर्वांत वरच्या पातळीवर छापला तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर निघतो. आपल्याकडे ई-इनव्हॉइसवर क्यूआर आहे, ई-वे बिलावर आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषधी ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. जगभरच्या दुकानांच्या गल्ल्यावर २०२७ अखेर द्विमितीय कोड वाचता यावा, असं जीएस१ या संस्थेने ठरवलंय. एवढं असताना आज नवी लेझर गन घेणं म्हणजे, माझ्या मते, पैसे पाण्यात. कुणी फार स्वस्तात देत असेल तर तो आपला जुना साठा खपवतोय, असं समजा.

अंतराबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे पैसा सर्वांत जास्त वाया जातो. काउंटरवर वीतभर अंतर असतं. खाली उभं राहून माल काढणाऱ्याला हातभर ते दीड मीटर. फोर्कलिफ्टवाल्याला मात्र बसल्या जागेवरून सातव्या-आठव्या मीटरवरचं लेबल वाचायचं असतं. त्यासाठी लांब पल्ल्याच्या गन मिळतात, काही तर वीस मीटरपर्यंत वाचतात. त्यांची किंमत ऐकली की मालक खुर्चीत सावरून बसतात. पण थांबा. वरच्या खणाचं लेबल वरच का हवं? रॅकच्या खांबावर, डोळ्यांच्या उंचीला, सगळ्या मजल्यांची लेबलं एकाखाली एक लावता येतात. तळाला पांढरं, पहिल्याला पिवळं, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला हिरवं आणि सोबत बाण. शंभर रुपयांचं लेबल लाखाच्या गनचं काम करतं. फक्त रंग घाला. नाहीतर माणूस पिवळ्याऐवजी निळं वाचणार आणि माल ‘हरवणार’.

याच्याच जोडीचा दुसरा घोळ. एका कार्टनवर किती कोड असतात ते कधी मोजलंत? उत्पादकाचा, कार्टनचा, बॅचचा, कुरिअरचा, शिवाय तुमच्या गोदामाने चिकटवलेला. कोड सहसा चुकीचा वाचला जात नाही, कारण शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. उदाहरण म्हणून ८९०१२३४५६७८९० हा तेरा आकडी क्रमांक घ्या. पहिल्या बारांतले विषम स्थानचे आकडे मिळवले की २८ येतात. सम स्थानांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०, म्हणजे दहाच्या पाढ्यात नेमकी बसली, म्हणून शेवटी शून्य. सातच्या जागी एक पडला तर बेरीज ११२ होते, शेवटी आठ हवा होता, यंत्र नकार देतं. (सुरुवातीचे ८९० म्हणजे ‘भारतात बनलेलं’ असं अनेकांना वाटतं. त्याचा अर्थ इतकाच, की कंपनीने क्रमांक जीएस१ इंडियाकडून घेतलाय.) तर यंत्र वाचतं बरोबरच, पण शेजारचाच कोड वाचतं. यावर उपाय म्हणजे निशाण्याचा ठिपका ज्यावर पडेल तोच कोड वाचायचा, अशी सोय. ती चांगल्या गनांत असते आणि सेटिंगमध्ये बंद पडून असते. ती सुरू करून घ्या.

आता हात. आपल्याकडच्या अनेक गोदामांत माल उचलतो माथाडी कामगार आणि गन असते कंपनीच्या माणसाकडे. १९६९ च्या माथाडी कायद्यापासून ही विभागणी चालत आली आहे. तिथे पिस्तुलासारखी मुठीची गन ठीक. पण जिथे उचलणारा आणि स्कॅन करणारा एकच, तिथे प्रत्येक खोक्याला गन खाली ठेव, खोकं उचल, गन शोध, हे सुरू होतं. तिथे बोटात घालायचा रिंग स्कॅनर घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात. अंगठी सगळ्यांची एकच असेल तर घामाचा प्रश्न येतो, म्हणून पट्टा प्रत्येकाचा वेगळा असावा. हे माहितीपत्रकात नसतं. डावखुऱ्या माणसालाही एकदा विचारा. मासळीच्या किंवा आइस्क्रीमच्या शीतगृहात उणे वीसमधून बाहेर आलं की काचेवर दव जमतं, गन आंधळी होते. तिथे काच तापवणारं खास मॉडेलच लागतं, स्वस्तातली तडजोड चालत नाही.

मला विचाराल तर सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे आवाज. गन ‘टुक’ करते तेव्हा ती इतकंच सांगते, की कोड वाचला. माल बरोबर आहे असं ती म्हणत नाही, ते ठरवायचं असतं सॉफ्टवेअरने. पण कामगाराने टुक ऐकलं की तो पुढे सरकतो, मागे पडद्यावर लाल अक्षरांत ‘चुकीचा बॅच’ उमटतं आणि ते वाचायला कुणी नसतं. म्हणून चुकीचा आवाज वेगळा ठेवा. लांब, कर्कश, सोबत कंपन, आणि हाताने बटण दाबल्याशिवाय पुढे न जाणारा. पडद्यावर इंग्रजी वाक्यांऐवजी रंग आणि मोठे आकडे हवेत. भिवंडीत माल लावणारा मुलगा जौनपूरचा असतो, दरभंग्याचा असतो, जळगावचा असतो. हिरवा-लाल सगळ्यांना कळतो.

आता साधा मोबाइल चालेल का? चालेल. घरपोच माल देणारा दिवसाला चाळीस-पन्नास कोड वाचतो, त्याला मोबाइल पुरे. छोट्या दुकानाच्या महिन्याच्या मोजणीलाही पुरे. पण समजा गोदामात एका पाळीत एक माणूस दीड हजार कोड वाचतो. मोबाइलचा कॅमेरा फोकस होईपर्यंत दर कोडामागे दोन सेकंद जास्त लागले, तर पाळीत तीन हजार सेकंद गेले. पन्नास मिनिटं. दर माणशी, दर दिवशी. गन मोबाइलपेक्षा दुप्पट-तिप्पट महाग असली तरी हा हिशेब करून बघा. शिवाय मोबाइल काँक्रीटच्या जमिनीवर पडणारच. गनचा विक्रेता ‘दीड मीटरवरून पडून चालते’ म्हणतो तेव्हा विचारा, किती वेळा? कशावर? एकदा पाडणं आणि फिरत्या पिंपात घालून हजार वेळा आपटणं, या वेगळ्या चाचण्या आहेत. आयपी ६५ किंवा ६७ या मानांकनातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. भिवंडीत सहा महत्त्वाचा. पाण्यात बुडवून बघायची हौस सहसा कुणाला नसते.

वायफायचं सर्वेक्षण बहुतेक जण रिकाम्या गोदामात करून घेतात. मग रॅक भरतात, लोखंडाआड आणि पाण्याच्या बाटल्यांच्या थप्प्यांआड सिग्नल मरतो, आणि शिव्या गनला बसतात. सर्वेक्षण माल भरल्यावर करा. आणि सिग्नल गेला तरी काम चालू राहील, नंतर नोंदी आपोआप चढतील, असं सॉफ्टवेअर मागा. आरएफआयडीबद्दल, म्हणजे रेडिओलहरींनी वाचायच्या टॅगबद्दल, नंतर कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो: कपड्यांना उत्तम, डबे आणि द्रवपदार्थ असतील तर सावकाश जा.

शेवटचा मुद्दा आयुष्याचा. विंडोजच्या जुन्या हँडहेल्ड प्रणालीचा आधार जानेवारी २०२० मध्ये बंद झाला, तेव्हा चांगली धडधाकट यंत्रं भंगारात निघाली. आता सगळं अँड्रॉइडवर आहे. पण सुरक्षेचे अपडेट कुठल्या वर्षापर्यंत येणार, हे लेखी घ्या. बॅटरी बदलता येते का, आणि ती पाच वर्षांनी मिळेल का, हेही घ्या. उन्हाळ्यात पत्र्याखाली चार्जिंग स्टँड ठेवू नका. चाळीस-पंचेचाळीस अंशांपुढे बहुतेक बॅटऱ्या चार्ज व्हायला नकार देतात, आणि दुसऱ्या पाळीला सगळ्या गना मेलेल्या सापडतात. किंमत विचारताना एका नगाची विचारू नका. गन, दोन बॅटऱ्या, स्टँड, देखभालीचा वार्षिक करार, सगळं मिळून पाच वर्षांची विचारा. स्वस्त आणि महाग यांतली दरी बरीच आक्रसलेली दिसेल.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी पुढच्या महिन्यात खरेदी करणार असेल, तर एवढं करा. विक्रेत्याला कार्यालयात बोलावू नका. मे महिन्यातल्या दुपारी गोदामात बोलवा. तुमची स्वतःची सर्वांत वाईट लेबलं काढून ठेवा, फाटलेली, धूळ बसलेली, प्लॅस्टिकखालची. तीन कंपन्यांच्या गना आठवडाभर पिकरांकडे राहू द्या आणि आठवड्याच्या शेवटी त्यांनाच विचारा. ते सांगतील तीच घ्या. आता प्रश्न असतील तर विचारा, फक्त किंमत कुठे कमी होईल ते मला विचारू नका. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.