नीट हुकली, आता पाच वर्षांचा हिशोब

परवा संग्रामपूरला चुलतबहिणीशी फोनवर बोललो. नीटला मार्क कमी पडले, आता रिपीट करते म्हणाली. म्हटलं, बीएस्सी कर ना. तर म्हणे, "दादा, त्यात लय वर्षं जातात."

मी पडलो इंजिनिअर, बायोलॉजी केव्हाच सुटलं. पण बेरीज येते. जुना रस्ता म्हणजे तीन वर्षं बीएस्सी, दोन वर्षं एमएस्सी. नव्या धोरणात चार वर्षांची ऑनर्स केली, तर एमएस्सी एका वर्षाची. पुण्याच्या आयसरमध्ये बीएस-एमएस सलग. तिन्हीकडे पाचच! सलग कोर्समध्ये वर्ष वाचत नाही, मधली प्रवेशाची धावपळ वाचते. घरची परिस्थिती बघून तीन वर्षांनी नोकरीला लागायचं असेल, तर साधी बीएस्सी बरी. डिग्री हातात असते.

आयसरसाठी आयएटी द्यावी लागते. 60 प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी प्रत्येकी 15. बारावीला गणित नसलं तरी बसता येतं, पण ते 15 सोडले तर 240 पैकी 60 मार्क गेलेच. फॉर्म बारावीच्या निकालाची वाट बघत नाही. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, ते मला लागलं. यंदाची तारीख गेली.

पण बीएस्सीनंतर जॅम आहे, त्यातून आयआयटी मुंबईला बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करता येते. रिपीट करून शेवटी इथंच आली, तर पाचाची सहा होतात.

ती गप्प. मग काकांनी फोन घेतला, "कॉलेजच्या ॲडमिशनची शेवटची तारीख कोणती रे?"