स्मरणशक्तीची गोळी

बुद्धी तल्लख व्हावी, वाचलेले ध्यानात राहावे, ही मनुष्याची इच्छा पुरातन आहे. चरकाने मंडूकपर्णी, शंखपुष्पी इत्यादींना मेध्य रसायने म्हटले ते त्याच इच्छेपोटी. आधुनिक रसायनशास्त्राने या इच्छेला दिलेले उत्तर म्हणजे पिरासेटाम हे कृत्रिम द्रव्य होय.

१९६४ साली बेल्जममधील यूसीबी या औषधी कंपनीत, मूळचे रुमानियाचे शास्त्रज्ञ कॉर्नेल्यू जुर्जिया यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले. १९७२ साली जुर्जिया यांनी अशा द्रव्यांसाठी ‘नूट्रॉपिक’ हा शब्द योजिला. ‘मन’ आणि ‘वळण’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून तो बनला आहे. असे द्रव्य स्मरणास साह्य करील, मेंदूचे रक्षण करील, परंतु गुंगी अगर उत्तेजना आणणार नाही, अशी त्यांची अपेक्षा होती.

ही अपेक्षा कितपत खरी ठरली? मेंदूतील गाबा या संदेशवाहक द्रव्याशी पिरासेटामचे रचनेने नाते आहे. मात्र त्याचे कार्य तसे नाही. पेशींचे आवरण ते अधिक लवचीक करीत असावे, असा तर्क आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील प्रयोगांचा कॉक्रेन आढावा २००१ साली निघाला. रुग्णांची एकंदर स्थिती सुधारल्याचे मत त्यांत अधिक वेळा नोंदले गेले होते. पण स्मरणाच्या प्रत्यक्ष चाचण्यांत तसा लाभ सिद्ध झाला नाही. स्नायूंना अवचित झटके बसण्याच्या एका विकारात मात्र वैद्यक त्याचा उपयोग मान्य करते.

हे द्रव्य मूत्रपिंडांवाटे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंड दुर्बळ असलेल्यांस ते धोक्याचे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसही रक्तस्रावाचे भय असते. कित्येकांना अस्वस्थता, निद्रानाश जडतो.

परीक्षार्थी मुलाला अगर विसराळू झालेल्या वडीलधाऱ्यांना शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ही गोळी देणारी घरे आहेत. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. पण वृद्धाचा विसर कधी ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने, कधी थायरॉइडच्या मंदपणाने, तर कधी मनाच्या खिन्नतेने आलेला असतो. ही कारणे तपासणीने सापडतात आणि पुष्कळदा उपचारांनी दूर होतात. गोळीवर विसंबून तपासणी लांबवली, तर हाताशी असलेला खरा उपाय हुकतो. मुलाच्या बाबतीत तर पुरेशी झोप हाच पहिला उपचार, कारण दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्यास निद्रेचे साह्य लागते.