भाग घटले, म्हणून धन वाढले काय?

फोंड्याच्या बाजारात दहाच्या दहा नोटा देऊन शंभराची एक नोट घेणारा मनुष्य श्रीमंत झाला, असे कोणी म्हणत नाही. भागबाजारात मात्र हाच भ्रम सहज होतो. गोव्याला भागांची कल्पना परकी नाही. कोमुनिदादींच्या उत्पन्नात गावकरांबरोबर भागधारकांचाही वाटा असतो. परंतु वाटे किती पाडले, यावरून शेताचे पीक वाढत नाही.

लहान कंपनीचा भाग 2 रुपयांवर घसरला, की ती कधी कधी दहा भागांचा एक भाग करते. भाव 20 रुपये दिसतो. पण शंभर भागांच्या धन्यापाशी दहाच उरतात. पूर्वीही 200 रुपये, आताही 200. अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात भाव सलग तीस कामकाजाचे दिवस एका डॉलरखाली राहिल्यास कंपनीला ताकीद मिळते. म्हणून दुबळ्या कंपन्या हा उपाय योजतात. रोग तसाच राहिला, तर भाव पुन्हा उतरतो. शिवाय ज्याच्यापाशी सातच भाग असतील, त्याला बहुधा तुटक भागाचे पैसे घेऊन बाहेर पडावे लागते.

भागांची परतखरेदी ही निराळी गोष्ट. तीत तिजोरीतील खरा पैसा बाहेर जातो. 1956 च्या कंपनी कायद्याने ती सामान्यतः वर्ज्य मानली होती. 1999 च्या दुरुस्तीने ती खुली झाली. समजा, शंभर भागांवर नफा 1,000 रुपये, म्हणजे दरभागी 10. वीस भाग विकत घेऊन रद्द केले आणि नफा तेवढाच राहिला, तर दरभागी साडेबारा. पण त्याच पैशाने नवे यंत्र यावयाचे होते काय? पुण्याच्या बजाज ऑटोने 2024 साली 10,000 रुपये दराने 40 लाख भाग घेऊन 4,000 कोटी रुपये दिले; ती मोठी व संपन्न कंपनी. लहान कंपनीने कर्ज काढून हेच केले, तर भाव चार दिवस चढेल, व्याज मात्र वर्षानुवर्षे भरावे लागेल. अवाजवी दर दिला, तर जाणाऱ्याचा लाभ आणि राहणाऱ्याची हानी.

निविदा पद्धतीच्या परतखरेदीत दोन लाख रुपयांपर्यंतचे भाग बाळगणाऱ्यांसाठी 15 टक्के हिस्सा राखीव असतो. हे संरक्षण मोलाचे. पण ते विवेकाची जागा घेत नाही. पैसा कोठून आला, दर वाजवी आहे काय आणि धंदा खरोखर वाढतो आहे काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून पेन्शनीतून वाचविलेली पुंजी भावाच्या आकड्यावर सोपवू नये.