आजोबांची मोटारसायकल



आजोबांची जावा मोटारसायकल गोठ्यात धूळ खात पडली असेल, तर ती भंगारात घालण्याची घाई करू नका. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ साली ह्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला.

नागपूरला येणे झालेच, तर लकडगंजच्या लाकूडबाजारातून जाड फळ्या न्या. त्यांचा भक्कम चौथरा करून गाडी वर चढवा, म्हणजे काम करताना कंबर धरणार नाही. लगेच किक मात्र मारू नका! पिस्टन गंजून अडकला असेल, तर जोर केल्याने आत ओरखडे पडतात. प्लग काढून थोडे तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग किक हलकेच दाबून पाहा. टाकीतले शिळे पेट्रोल काढून टाका. हे टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलात मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. ते विसरलात, तर पिस्टन पुन्हा आवळलाच म्हणून समजा. गुरुजी, हे सारे शाळेतल्या मुलांनाही अवश्य दाखवा.

तरुण मंडळी म्हणतील, चेसिस कापून नवी ऐट आणू. जरा थांबा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नसते, हेही ध्यानात असू द्या. हौस बैठकीच्या कापडावर भागवावी. कापलेले लोखंड सांधता येते. पण आजोबांची गाडी मग ओळखू येत नाही.